वळचणीपासून प्लॅनपर्यंत : एका अंगणवाडीच्या आराखड्याचा प्रकरण अभ्यास

वास्तुकलेच्या पाच वर्षांच्या अभ्यासक्रमात डिटेल, म्हणजे इमारतीच्या एखाद्या सांध्याचं किंवा कडेचं मोठ्या मापातलं चित्र, बहुतेक ठिकाणी शेवटी येतं. आधी कन्सेप्ट, मग साइट प्लॅन, मग प्लॅन-सेक्शन-एलिव्हेशन (वरून, उभं कापून आणि बाहेरून दिसणारी चित्रं) आणि सबमिशनच्या आदल्या आठवड्यात कुठलं तरी एक डिटेल १:५ ला (प्रत्यक्षाच्या एक पंचमांश मापात) काढून शीटचा उरलेला कोपरा भरायचा. बांधकाम हा विषय वेगळ्या तासाला, वेगळ्या शिक्षकांकडे, वेगळ्या मार्कांचा. अशा क्रमानं शिकलेल्या विद्यार्थ्याला डिटेल म्हणजे आधीच ठरलेल्या इमारतीवर नंतर चढवायची गोष्ट वाटते, आणि यात त्याचा दोष नाही. पुढच्या प्रकरणात हा क्रम उलटा केला आहे. छपराची एक कड, म्हणजे वळचण, नीट काढायला घेतल्यावर भिंतीची उंची, खांबांची संख्या, पाया, प्रवेशाची बाजू आणि शेवटी अख्खा प्लॅन कसा बदलला, ते यात आहे. वर्गात चर्चेला घेता यावं अशा बेतानं ते मांडलं आहे, म्हणून गाव, विद्यार्थिनी आणि महाविद्यालय यांची नावं नाहीत. मापं मात्र पूर्ण दिली आहेत, कारण सगळा वाद मापांवरच आहे.

काम आणि जागा

तिसऱ्या वर्षाच्या स्टुडिओला दिलेलं काम साधं होतं : वर्धा जिल्ह्यातल्या एका गावासाठी अंगणवाडी. तीन ते सहा वर्षांच्या मुलांसाठी एक खोली, स्वयंपाकघर, कोठी, मुलांच्या मापाचं स्वच्छतागृह आणि पुढे छपरी, म्हणजे खांबांवरचा उघडा ओटा. आच्छादित क्षेत्र किमान ६०० चौरस फूट. रस्ता दक्षिणेला, पूर्वेला कडुनिंब आणि हातपंप. जमीन काळी. चाचणी खड्ड्यात १.४ मीटरपर्यंत काळी माती आणि त्याखाली मुरूम लागला.

हवामान इथल्या माणसाला सांगायला नको, पण आराखड्यात ते आकड्यांनी यावं लागतं. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. पाऊस नैर्ऋत्य आणि पश्चिमेकडून वाऱ्यासोबत येतो आणि झड लागली की दोन-दोन दिवस थांबत नाही. वर्ध्याचा अक्षांश सुमारे २०.७ अंश उत्तर. म्हणजे २१ डिसेंबरच्या दुपारी बारा वाजता सूर्य क्षितिजापासून जेमतेम ४६ अंशांवर असतो, मार्च आणि सप्टेंबरच्या विषुवदिनी ६९ अंशांवर, आणि जूनच्या मध्यान्ही डोक्यावरून किंचित उत्तरेला. यातले पहिले दोन कोन या प्रकरणात पुन्हा लागणार आहेत.

पहिला आराखडा

विद्यार्थिनीचा प्लॅन चांगला होता. मुलांची खोली आतून ६ बाय ५.४ मीटर. तिच्या पश्चिमेला स्वयंपाकघर, कोठी आणि स्वच्छतागृह, म्हणजे दुपारचं ऊन आधी तिकडे अडेल. पूर्व-पश्चिम आढं (छपराची सर्वांत वरची रेघ), दोन्हीकडे ३० अंशांचं पाखं (छपराची उतरती बाजू), वर मंगलोरी कवेलू, म्हणजे कौलं. दक्षिणेला ९ मीटर लांब आणि २.१ मीटर रुंद छपरी. ही रुंदीही उगाच नव्हती. मुलं दोन ओळींत समोरासमोर जेवायला बसली तर प्रत्येक ओळीला ताटासकट पाऊण मीटर आणि मध्ये वाढणाऱ्याला ६० सेंटीमीटर लागतात. बेरीज बरोबर २.१. छपरीला १.८ मीटर अंतरावर सहा खांब, प्रवेश मधोमध, रस्त्याच्या बाजूनं. त्याआधी वर्गानं सेवाग्रामच्या बापू कुटीची, गांधीजींच्या मातीच्या घराची, मापं घेतली होती आणि छपराचं रूप तिथूनच आलं होतं.

सगळं १:१०० ला. छप्पर म्हणजे एक रेघ. एलिव्हेशनमध्ये वळचणीची उंची २१०० मिमी लिहिलेली. सेक्शनमध्ये खोलीच्या भिंतीची उंची २७०० मिमी.

आता हे दोन आकडे एकत्र ठेवून पाहू. उंची खोलीच्या फरशीपासून वाश्याच्या खालच्या बाजूपर्यंत धरली आहे. ३० अंशांचं पाखं दर मीटरला ५७७ मिमी उतरतं. भिंतीच्या बाहेरच्या अंगापासून खांब २.१ मीटरवर, म्हणजे तिथपर्यंत १२१२ मिमी उतार. २७०० मधून ते वजा केले तर खांबाशी उंची उरते १४८८. वळचण खांबापुढे ३०० मिमी होती, तिथे उंची १३१४. सेविका ताईंना कंबरेत वाकून आत यावं लागेल. एलिव्हेशनवरचे २१०० कुठून आले? कुठूनच नाही. डोळ्याला बरी वाटली ती रेघ तिथे मारली होती.

चूक इतके दिवस लपून राहिली, कारण सेक्शन पूर्व-पश्चिम घेतला होता आणि तो खोलीतूनच जात होता. छपरी आणि खोली एकत्र कापणारा उत्तर-दक्षिण सेक्शन काढलाच नव्हता. आणि मॉडेलनंही साथ दिली नाही. मॉडेलमध्ये छपरीवरचा कार्डबोर्ड भिंतीपाशी हळूच वाकला होता, २.४ मीटरमध्ये ६०० मिमी उतरत होता. म्हणजे उतार ३० वरून १४ अंशांवर आला होता. कार्डबोर्ड वाकतो, कवेलू वाकत नाही. गावातल्या सुतारानं ते मॉडेल हातात घेऊन एकाच वाक्यात निकाल दिला : "ताई, इथं पाखं मोडलं त झडीत पानी घरातच येईन."

त्याचं म्हणणं शब्दशः खरं आहे. मंगलोरी कवेलू एकमेकांवर चढतात ते थोडेच, आणि वरच्या कवेलूखालचं पाणी बाहेर राहतं ते उतारामुळे. उतार १४ अंश झाला की पाण्याचा वेग मंदावतो, पागोळी (कडेवरून गळणारं पाणी) कवेलूच्या खालच्या अंगाला धरून मागे सरकते, आणि वाऱ्याचा झोत तिला सांध्यातून वर ढकलतो. कोरड्या दिवशी बादलीनं पाणी ओतून हे दिसत नाही. म्हणून स्टुडिओत परीक्षा घ्यायची तर तीन रिपा, बारा कवेलू, पाण्याचा पाइप आणि समोरून एक जोरदार कूलरचा पंखा लावावा. उतार १४, २२ आणि ३० अंश करून पाहावा आणि खाली कोरडी राख पसरावी; कुठे ठिबकलं ते राखेवर लगेच उमटतं.

"मग टिनाचे पत्रे टाकू," हा पहिला उपाय कुठल्याही वर्गात येतो. पत्र्याला १० अंशही पुरतात, गणित सुटतं. पण पत्र्यावर पाऊस सुरू झाला की आतलं बोलणं ऐकू येत नाही, आणि उन्हाळ्यात पत्र्याखाली बसणं किती कठीण ते गावात प्रत्येकाला माहीत आहे. छतगीर (आतून दुसरं छत) घाला, मध्ये हवा खेळती ठेवा, म्हणजे पुन्हा कडेचं डिटेल आलंच. विद्यार्थिनीनं कवेलूच ठेवले, आणि ते ठेवण्याची किंमत मोजायला घेतली.

१:५ चा कागद

वळचण १:५ ला काढली तेव्हा पहिल्यांदा छपराला जाडी आली. वासा (उताराच्या दिशेचं लाकूड), त्यावर रीप (आडवी पट्टी), त्यावर कवेलू, मिळून पाख्याला काटकोनात सुमारे २०० मिमी. ३० अंशांवर तीच जाडी उभी मोजली तर २३० मिमी होते. १:१०० वर ही सव्वादोन मिलिमीटरची पट्टी आहे, पेनाची रेघ नव्हे. ही पट्टी एकदा काढली की एलिव्हेशनमध्ये छप्पर हलकं दिसायचं सोंग करत नाही.

कडेची शेवटची रीप बाकी रिपांपेक्षा कवेलूच्या जाडीइतकी उंच हवी. वरच्या प्रत्येक ओळीचं खालचं टोक खालच्या कवेलूवर टेकतं. शेवटच्या ओळीला खाली कवेलूच नसतो. रीप सारखीच ठेवली तर ती ओळ तोंड खाली पाडून बसते, वरच्या ओळीशी सांधा उघडा राहतो आणि पाणी वाश्याच्या टोकावर येतं. वाश्याची टोकं कुजलेली घरं पाहिली तर बहुतेक ठिकाणी कारण हेच निघतं. कवेलूचं टोक वाश्याच्या पुढे किमान ५०-६० मिमी हवं, म्हणजे पागोळी लाकडाला न लागता सुटी पडते.

पन्हळ लावायची का? पुस्तकातल्या छापील डिटेलमध्ये ती असते. इथे कडुनिंब वीस पावलांवर आहे. जूनच्या आधी पन्हळ पाल्यानं भरणार, आणि शिडी लावून ती साफ करणारं अंगणवाडीत कोणी नाही. भरलेली पन्हळ ही पन्हळ नसण्यापेक्षा वाईट, कारण पाणी मागे, लाकडाकडे सांडतं. म्हणून पन्हळ नाही; पाणी सरळ जमिनीवर पडेल. हा निर्णय कागदावर चार इंचांत मावला, पण इमारतीचं पुढचं सगळं यानं ठरवलं.

पाणी खाली पडल्यावर

आढ्यापासून दक्षिणेच्या कडेपर्यंत छपराची आडवी रुंदी ५.६ मीटर निघाली. तासाला ५० मिमी पाऊस धरला तर वळचणीच्या प्रत्येक मीटरला तासाला सुमारे २८० लिटर पाणी पडतं. बाजूच्या कडा धरून पुढची लांबी ९.९ मीटर आहे, म्हणजे समोर तासाला पावणेतीन हजार लिटर. हे सगळं एका सरळ रेषेत, काळ्या मातीवर, खांबांच्या पायांच्या अगदी जवळ.

काळी माती पाणी प्यायली की फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि मे महिन्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. खोलीची भिंत जड असते, ती मातीला थोडीफार दाबून धरते. छपरीचा खांब हलका असतो. त्याच्यावर जेमतेम काही चौरस मीटर छप्पर. फुगणारी माती हलक्या पायाला आधी उचलते. आता साखळी बघा : वळचणीचं पाणी खांबाच्या पायाशी मुरतं, माती फुगते, खांब वर येतो. वासा एका टोकाला भिंतीवर आणि दुसऱ्या टोकाला खांबावर, म्हणून तो तिरका उचलला जातो, कवेलूंचे सांधे उघडतात आणि गळती होते ती भिंतीच्या वर, खोलीच्या आत. गळणारी जागा आणि चुकलेली जागा यांत दोन मीटरचं अंतर. गवंडी दरवर्षी भिंतीवरचे कवेलू फेरतो आणि दरवर्षी तिथेच गळतं.

या साखळीसाठी १:५ चं डिटेल खाली वाढवत न्यावं लागतं. आढ्यापासून पायाच्या तळापर्यंत एकच उभी पट्टी, १:२० ला. या इमारतीत ती सुमारे ७ मीटरची होते, म्हणजे कागदावर ३५ सेंटीमीटर. उभ्या ए-३ कागदावर आरामात बसते. वर्गातल्या प्रत्येकाकडून ही पट्टी पहिल्या पंधरवड्यात काढून घ्यावी, असं आमचं ठाम मत आहे.

पट्टीवर तीन गोष्टी बदलल्या. वळचण खांबापुढे ३०० ऐवजी ६०० मिमी झाली. खांबांचे पाये काळ्या मातीतून खाली, मुरमात, १.५ मीटरवर गेले. काळी माती याहून खोल असती तर केंद्रीय इमारत संशोधन संस्थेनं रुळवलेले, तळाशी फुगवटा असलेले पाइल घ्यावे लागले असते. ते साधारण साडेतीन मीटर खोल जातात, कारण त्याखाली ऋतूंप्रमाणे ओल फारशी बदलत नाही. मुरूम १.४ मीटरवर मिळाला म्हणून साधा पाया पुरला. पाण्याच्या रेषेखाली ३०० मिमी मुरूम ठोकून त्यावर काँक्रीटचा पट्टा, बाहेरच्या बाजूला ३० ला १ (३० मिमी अंतरात १ मिमी) उतार, आणि त्यावर १०० मिमी गिट्टी.

इथे एक हमखास होणारी चूक आहे. विद्यार्थी नुसती गिट्टी दाखवतात, कारण ती चित्रात छान दिसते आणि चिखल उडत नाही. पण गिट्टीखाली काँक्रीटचा उतार नसेल तर ती पट्टी शोषखड्ड्याचं काम करते आणि पाणी नेमकं पायाशी पोचवते. काँक्रीटचा पट्टा जोत्याला बांधायचाही नाही. मध्ये २० मिमी फट सोडून ती वाळू-डांबरानं भरायची. पट्टा मातीबरोबर वर-खाली होणार आहे. जोत्याला जखडला तर तो जोत्यालाच तडा देईल.

खांबाच्या बुडाशी दगडी तळखडा, फरशीच्या वर १५० मिमी. लाकूड ओल्या फरशीला टेकत नाही.

दार पूर्वेला का गेलं

वळचण ६०० झाली म्हणजे कड आणखी खाली आली. उंची मिळवण्याचे मार्ग मोजकेच आहेत. भिंत उंच करा, छपरीची फरशी खाली घ्या, उतार कमी करा किंवा छपरी अरुंद करा. उतार कवेलूनं अडवला होता, रुंदी मुलांच्या ताटांनी. उरले दोन.

पहिला प्रयत्न असा : भिंत २७०० वरून ३०००, छपरीची फरशी खोलीपेक्षा ३०० मिमी खाली. छपरीच्या फरशीपासून भिंतीशी उंची ३३०० झाली, खांबाशी २०८८, आणि कडेला १७४०. मुलांसाठी ही उंची उत्तम आहे. मोठ्या माणसाला मात्र कडेखालून वाकून यावं लागतं, आणि डोक्यावर धान्याचं पोतं घेतलेल्या बाईला तर येताच येणार नाही. मधोमध प्रवेश ठेवून हे सुटेना.

तेव्हा प्रवेशाची बाजूच बदलली. छपरीच्या पूर्वेच्या टोकाला, भिंतीलगत, छप्पर सर्वांत उंच आहे : भिंतीपासून १.२ मीटर अंतरावरसुद्धा २.६ मीटर उंची मिळते. तिथून आत यायचं. दक्षिणेची लांब कड माणसांच्या येण्याजाण्यातून मोकळी झाली आणि पूर्णपणे ऊन-पावसाची झाली.

यानं प्लॅनची घडीच बसली. लोक पूर्वेकडून येतात, जेवण पश्चिमेच्या स्वयंपाकघरातून येतं, मुलं मध्ये. आधीच्या प्लॅनमध्ये येणारा प्रत्येक जण मुलांच्या पंगतीच्या मधून जात होता. हे तेव्हा कोणाच्या ध्यानात आलं नव्हतं, कारण मधोमध दार सरळ आणि नेटकं दिसत होतं.

मधोमध दार गेल्यावर खांबांचाही हिशेब बदलला. १.८ मीटरवर सहा खांब होते तिथे ३ मीटरवर चार पुरले. वरची तुळई १२५ ऐवजी २०० मिमी खोल लागते, तिच्याखाली १८९० मिमी उंची उरते. पण आता तिच्याखालून मोठ्यांनी जायचंच नाही. प्रत्येक खांबाला ०.९ बाय ०.९ बाय १.५ मीटर खोदकाम, म्हणजे सुमारे १.२ घनमीटर. दोन खांब कमी झाल्यानं जवळजवळ अडीच घनमीटर खोदकाम आणि दोन पाये वाचले.

नवी कड ऊन-पावसात काय करते ते सेक्शनवर कोन टाकून पाहिलं. डिसेंबरच्या मध्यान्ही ४६ अंशांचं ऊन कडेखालून १.६८ मीटर आत येतं. त्यातले ६०० मिमी खांबाबाहेर गेले, तर छपरीत १.०८ मीटर ऊन मिळतं. म्हणजे थंडीत एक ओळ उन्हात, एक सावलीत. विषुवदिनी ऊन खांबाच्या रेषेपाशीच थांबतं. पावसाची झड ४५ अंशांवर धरली तर छपरीचा आतला ०.९६ मीटर पट्टा कोरडा राहतो, एक पूर्ण ओळ. एलिव्हेशनवरची ती मूळ २१०० ची कड आणि ३०० ची वळचण प्रत्यक्षात आली असती तर कोरडा पट्टा उरला असता ३०० मिमी, एका मुलालाही न पुरणारा. बापू कुटीची वळचण खाली का, याचं उत्तर तिची मापं घेताना नुसतं लिहून घेतलं होतं. ते समजलं इथे. मातीची भिंत टिकते ती या खाली आलेल्या कडेमुळेच, आणि विद्यार्थिनीनं कुटीवरून छपराचा आकार उचलला होता, कड उचलली नव्हती.

उलट दिशेनं आलेला प्रश्न

इथपर्यंत डिटेल इमारतीला बदलत होतं. ज्युरीत, म्हणजे आराखडा तपासणाऱ्या परीक्षकांच्या बैठकीत, एकानं विचारलं : चाकाच्या खुर्चीतलं मूल खोलीत कसं जाईल?

छपरी आणि खोली यांत ३०० मिमीची पायरी. १२ ला १ या उतारानं ३.६ मीटर लांब रॅम्प, शिवाय दारापुढे सपाट जागा. ९ मीटरच्या छपरीतली निम्मी जागा रॅम्पनं खाल्ली असती आणि ज्या पंगतीसाठी हे सगळं केलं तीच उठली असती. म्हणून पायरी १५० वर आली, रॅम्प १.८ मीटर लांब आणि ०.९ मीटर रुंद, भिंतीलगत, पूर्वेच्या टोकाजवळ. छपरीची फरशी १५० मिमी वर आली तेवढी भिंतही वर न्यावी लागली : ३१५०. मूळ २७०० पासून ४५० मिमी वाढ, सगळीकडून मिळून सुमारे ३ घनमीटर वीटकाम, दीड हजार विटांच्या आसपास. यातला एक घनमीटर फक्त या रॅम्पच्या प्रश्नाचा आहे, आणि तो खर्च योग्यच आहे.

छपरी जमिनीपासून ४५० मिमी वर गेल्यानं आणखी एक फायदा झाला : वळचणीच्या पाण्याचे उडणारे शिंतोडे फरशीपर्यंत कमी पोचतात. बाहेरचा रॅम्प मात्र ५.४ मीटर झाला. तो पूर्वेला, कडुनिंबाच्या दिशेनं सरळ काढला.

फक्त वळचणीकडे पाहत बसलं असतं तर ३०० ची पायरीच शेवटपर्यंत राहिली असती, कारण त्या १:५ च्या कागदावर खोलीचं दार येतच नाही.

त्याच वर्गातलं दुसरं डिटेल

शेजारच्या टेबलावर बांबूच्या खांबाचा एक देखणा सांधा चालू होता. चार बांबू, मध्ये लाकडी ठोकळा, काथ्याची बांधणी, १:२ ला शेडिंगसह. हातोटी खरोखर चांगली होती. पण बांबूचं बूड फरशीपासून ५० मिमीवर, वर वळचण २०० मिमी. दोन पावसाळ्यांत ते बूड काळं पडणार हे कोणताही बुरड सांगेल. आणि तो सांधा काढून तिथे साधा लोखंडी पाइप ठेवला असता तर प्लॅनमधली एकही रेघ हलली नसती.

ज्युरीत डिटेलला विचारायचा प्रश्न हाच असावा : हे काढून टाकलं तर प्लॅनमध्ये काय बदलेल? काहीच नाही, असं उत्तर आलं तर एक तर डिटेल सुटं आहे, किंवा इमारतीचा त्या जागी विचारच झालेला नाही. उलट, काढून टाकलं तर प्लॅनच बदलेल अशा डिटेलचं चोख उदाहरण म्हणून वास्तुकार चार्ल्स कोरिया यांचं अहमदाबादच्या साबरमती आश्रमातलं गांधी स्मारक संग्रहालय वर्गात दाखवावं. १९६३ चं. ६ मीटर बाय ६ मीटरची एकसारखी दालनं, आणि त्यांच्यामधल्या काँक्रीटच्या तुळया पन्हळीच्या आकाराच्या. छप्पर त्याच पेलतात आणि पावसाचं पाणीही त्याच वाहून नेतात. त्या तुळईचा आडवा छेद बदलला तर अख्ख्या संग्रहालयाचा प्लॅन पुन्हा मांडावा लागेल.

स्टुडिओत हे कसं बसवायचं

सगळ्या इमारतीची सगळी डिटेल्स पहिल्या महिन्यात मागू नयेत. विद्यार्थी छापील पत्रकांवरून उतरवतात आणि हाती काहीच लागत नाही. एकच जागा निवडायला सांगावी, पण ती अशी की तिथे पाणी, ऊन, माती आणि माणसाचा वावर यांपैकी किमान तीन गोष्टी एकत्र येतात. छपरीची कड अशी जागा आहे. न्हाणीचा उंबरठा आहे. खिडकीची तळपट्टी बहुतेक वेळा नाही.

मग १:१००, १:२० आणि १:५ हे तिन्ही कागद भिंतीवर एका ओळीत, एकाच पातळीवर टांगावेत, जमिनीची रेघ तिन्हींवर सलग येईल असे. एका कागदावर आकडा बदलला की उरलेल्या दोन्हींवर त्याच बैठकीत बदलायचा. या प्रकरणात १३१४ विरुद्ध २१०० हा घोळ अशा मांडणीत पहिल्याच दिवशी दिसला असता. संगणकावर काम करणाऱ्यांनाही हे प्रिंट काढून टांगायला लावावं. पडद्यावर झूम करता येतं म्हणून प्रत्येक रेघ कुठल्याच मापाची राहत नाही.

सेक्शनची दिशा शिक्षकानं ठरवून द्यावी. विद्यार्थी नकळत सोपी दिशा निवडतात. जिथे छप्पर मोडतं, फरशी बदलते किंवा आत-बाहेरची हद्द येते, तिथूनच कापायचं.

सुतार आणि गवंडी यांना शेवटच्या ज्युरीला पाहुणे म्हणून नव्हे, तर मधल्या टप्प्यावर बोलवावं, जेव्हा अजून बदलता येतं. त्यांना त्यांचा रोज द्यावा. त्यांच्यासमोर वळचण भिंतीवर खडूनं पूर्ण मापात काढावी; १:५ चा कागद त्यांना वाचता येतो की नाही हा प्रश्नच मग उरत नाही, आणि ते खडू हातात घेऊन दुरुस्त करतात.

मार्कांचं म्हणाल तर डिटेलला वेगळे मार्क ठेवले की ते पुन्हा वेगळं होतं. प्लॅनच्या मार्कांतच एक भाग असा ठेवावा, की प्लॅनमधल्या एका निर्णयाचं मूळ सांध्यापर्यंत दाखवता येतं का. बांधकाम शिकवणाऱ्या शिक्षकांनी त्या दिवशी स्टुडिओत हजर असणं सोयीचं नाही, आवश्यक आहे.

या आराखड्यात एक जागा शेवटच्या शीटवरही सुटलेली नव्हती. स्वयंपाकघराचा धूर बाहेर काढण्यासाठी कवेलूंतून नळी काढायची होती, आणि विद्यार्थिनीनं ती चुलीच्या बरोबर वर, म्हणजे पाख्याच्या मध्यावर दाखवली होती. छपरातल्या भोकावर वरून जेवढं पाखं, तेवढं पाणी त्या भोकाच्या वरच्या अंगाला येऊन अडतं. आढ्याजवळ भोक घेतलं तर वर जेमतेम एक-दोन ओळी राहतात आणि पत्र्याची साधी कॉलर पुरते. मध्यावर घेतलं तर दीड मीटर पाख्याचं पाणी वळवावं लागतं. नळी आढ्याकडे नेली की चूल उत्तरेच्या भिंतीकडून आतल्या भिंतीकडे सरकते, ओटा फिरतो आणि कोठीचं दार अडतं. कोठी आणि स्वच्छतागृह यांची अदलाबदल केली तर ते मोकळं होतं, पण मग शोषखड्डा पायापासून किती दूर ठेवायचा ते मुरमाची खोली पाहून पुन्हा ठरवावं लागेल. पुढच्या बैठकीला तिनं ती पट्टी १:२० ला काढून आणायची आहे, या वेळी स्वयंपाकघरातून कापलेली.